गाडी लो करायची आहे? आधी डिकी भरा

परवा फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवरच्या कारवाईबद्दल इथे लिहिलं, तेव्हा खाली अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एका बाजूला "सगळ्या मॉडिफाय गाड्या जप्त करा"वाले, दुसऱ्या बाजूला "पोरांनी हौस पण करायची नाही का"वाले. पण त्याच रात्री इनबॉक्समध्ये तीन-चार पोरांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "काका, गाडी लो करायची आहे. पण कम्फर्ट जाऊ नये आणि घरचे पाच जण बसले पाहिजेत. होईल का?"

मला हा प्रश्न आवडला. कारण हौसेच्या प्रश्नात पोरांनी स्वतःहून घरच्यांना बसवलं. माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे खाली बसवलेल्या गाड्या शेवटी टायर खाऊन माझ्याच रॅम्पवर येतात. तेव्हा सविस्तर लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. गाडी खाली करणं हे पाप नाही. कारखान्यातून निघालेली प्रत्येक कार ही कुणीतरी ठरवलेल्या उंचीवर उभी असते, आणि ती उंची म्हणजे तडजोड असते. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, वळणावर ती कमी झुकते, दिसायलाही चिकटून बसल्यासारखी दिसते. चाक आणि पत्र्याच्या मधली ती मोकळी कमान पोरांना खुपते. मलाही खुपते, खोटं कशाला बोलू.

पण ती मोकळी जागा रिकामी नसते. चाक वर यायला ठेवलेली ती वाट असते. आपल्याकडे बोलीत त्याला जंपिंग म्हणतात. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की ते वर उचललं जातं, स्प्रिंग दबते, आणि गाडीचं अंग जागच्या जागी राहतं. पाच जण बसले की तीच स्प्रिंग आधीच थोडी दबून बसते. म्हणजे आराम आणि भार दोन्ही एकाच पिशवीतून खर्च होतात, आणि गाडी खाली करणारा माणूसही त्याच पिशवीत हात घालतो. तिघांचा खर्च, पिशवी एक.

आता आकड्यांत सांगतो, कारण या विषयात शब्दांनी फार लोक फसलेत.

माझ्या भाच्याची हॅचबॅक आहे, जुनी घेतलेली, बाहेरून सीएनजी बसवलेली. त्याला गाडी ४० मिमी खाली हवी होती. "मामा, फक्त चार सेंटीमीटर!" मी म्हटलं, कर, पण आधी डिकी भर. आक्काला, म्हणजे त्याच्या आईला बोलावलं, दाजी आले, शेजारचे दोघे आले, आदमापूरला निघाल्यासारखं सामान भरलं. रिकामी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेप लावली होती, आता परत लावली. फरक आला ५३ मिमी. माणसं आणि सामान मिळून एकेका मागच्या चाकावर अंदाजे सव्वाशे किलो वाढले होते. म्हणजे त्या स्प्रिंगला मिलिमीटरला साधारण २.४ किलो लागतात.

मग गाडी रिकामी करून खाली बघितलं. मागे रबराचा ठोकळा असतो, बंप स्टॉप, स्प्रिंग पूर्ण दबली की शेवटचा मार तो घेतो. त्याच्यापर्यंतची जागा निघाली ७८ मिमी. हे मोजमाप सीएनजीची टाकी डिकीत असताना. ६० लिटरची पोलादी टाकी स्वतःच साठेक किलोची असते, आणि ती डिकीतून कधी उतरत नाही.

७८ मधून ५३ गेले, उरले २५. एवढीच त्या घराची राखीव पुंजी. आजही भरलेल्या गाडीने मोठा खड्डा घेतला की मागून 'ठक' येतो तो त्यामुळे.

आता ४० मिमी खाली करा. ७८ चे झाले ३८, आणि पाच जणांना लागतात ५३. गाडी उभ्या जागीच रबरावर टेकली! त्यानंतर प्रत्येक खड्डा रबरातून थेट पत्र्यात, सीटमध्ये, आणि आक्काच्या कमरेत. तिच्या मणक्यात गॅप आहे, पट्टा लावून बसते. "कम्फर्ट" हा शब्द शोरूममध्ये ऐकताना चैनीचा वाटतो. पट्टा लावून बसलेल्या बाईसाठी तो औषधाच्या जवळचा आहे.

भाचा हुशार आहे, त्याने लगेच विचारलं, मग कडक स्प्रिंग टाकू. बरोबर दिशेने विचार केला. पण किती कडक? भरलेल्या गाडीत आजचीच २५ मिमीची राखीव ठेवायची, तर सव्वाशे किलोला गाडी फक्त १३ मिमी बसली पाहिजे. म्हणजे स्प्रिंग चौपट कडक. कडक स्प्रिंगला राखीव थोडी कमी पुरते, म्हणून अडीचपट धरा. तरी हाल व्हायचे ते होतातच. स्प्रिंग चौपट कडक केली तर तेवढ्याच वजनाची गाडी दुप्पट वेगाने हिंदकळते. प्रवासी गाडी सेकंदाला एक ते दीड वेळा हलली तर माणसाला बरी वाटते, कारण आपल्या चालण्याचा ठेका त्याच्या जवळपास असतो. तो वेग दोन-अडीचवर गेला की एकटा ड्रायव्हर रस्त्यावरचं प्रत्येक ठिगळ मोजत जातो. पाच जणांसाठी कडक केलेली गाडी महिन्यात सव्वीस दिवस एकट्यानेच चालवायची असते, हे कुणी सांगत नाही.

ही मोटार इंजिनिअरांची शंभर वर्षांची डोकेदुखी आहे, तुमची-माझी नाही. १९५५ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात सिट्रोएन डीएस आली. तिच्यात पोलादी स्प्रिंगच नव्हती. गोल भांड्यात कोंडलेला नायट्रोजन आणि त्याला दाबणारं तेल. माणसं बसली की पंप जास्त तेल ढकलून गाडी परत होत्या त्या उंचीवर आणायचा. वजन कितीही असो, चाकाची वाट तेवढीच शिल्लक. आजच्या चांगल्या बसला हवेचे फुगे असतात त्यामागे हेच तत्त्व आहे. माणसं चढली की झडप हवा वाढवते, बस बसत नाही, आणि भार वाढला की फुगा आपोआप तेवढाच कडक होतो.

बसवरून एक आडवळण, पण विषयातलंच. पुण्या-मुंबईत लो-फ्लोअर बस दिसतात. आपल्याकडे शहरी बसच्या फरशीच्या उंचीचे प्रकार ठरलेले आहेत: ९००, ६५० आणि ४०० मिमी. ४०० वाल्या बसमध्ये म्हातारं माणूस फुटपाथवरून एका पावलात आत जातं. ती बस खाली आणताना कुणी स्प्रिंग कापली नाही. मागचा एक्सलच मधे खाली वाकवला, इंजिन मागे नेलं, फरशी चाकांच्या मधे उतरवली, हवेचे फुगे दिले. चाकाची वाट तशीच ठेवून बाकी सगळं खाली आणलं. याला म्हणतात लो करणं. याला पैसे लागतात, आणि बसस्टॉपपासून स्टॉपपर्यंत नीट रस्ता लागतो. रस्त्यावर पुढे येतो.

आता आपल्या गावात काय चालतं ते. ग्राइंडर घेऊन स्प्रिंगचा एक-दोन वेढा कापतात. हजार-दीड हजारात काम, दुपारपर्यंत गाडी परत. समजा सहा वेढे काम करत होते, एक कापला, पाच उरले. स्प्रिंग वीस टक्के कडक झाली. बघा, गरज अडीच ते चारपटीची आणि मिळाले वीस टक्के. गाडी खाली आली, पण भार उचलायची ताकद आली नाही. लोकांना वाटतं कापलेली गाडी कडक झाली म्हणून आपटते. ती आपटते कारण ती सतत रबरावर चालते. त्यात कुणी आणखी हुशार तो रबराचा ठोकळाही अर्धा कापतो, "आवाज येत होता" म्हणून. मग लोखंडावर लोखंड, आणि दोन-तीन महिन्यांत शॉकअप तेल सोडतो.

शॉकअप वजन उचलत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. दर आठवड्याला कुणीतरी येतं, "मागून गाडी बसलीय, शॉकअप बदला." वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप फक्त हिंदोळे थांबवतो. स्प्रिंग बदलली आणि शॉकअप जुनाच ठेवला तर तो नव्या स्प्रिंगला आवरू शकत नाही.

कापण्यापेक्षा वाईट एकच प्रकार, गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं, ते लालभडक तापवलं की उतरतं. मग ती स्प्रिंग रोज थोडी थोडी बसत जाते, आणि एक दिवस तुटते. जॅकवर गाडी उचलल्यावर कापलेली स्प्रिंग बैठकीत खडखडताना मी डोळ्यांनी बघितली आहे. चाक पूर्ण खाली लोंबलं की ती सैल होते, कारण लांबीच पुरत नाही. घाटात उतरणीच्या वळणावर आतलं चाक खड्ड्यात लोंबतं, तेव्हाही हेच होतं.

आणि टायर. पुढची गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो, चाकं वरून आत झुकतात, टो बिघडतो. आमच्याकडे येतात ते टायर बाहेरून नवेकोरे आणि आतल्या कडेला तारा दिसणारे. मालक बाहेरूनच बघत असतो. हेडलाइटचा झोतही हलतो. पुढून खाली, मागून वर केली तर रस्ता जवळच संपतो. मागून बसली तर समोरच्याचे डोळे जातात.

तर मग होईल का? थोडंसं होतं. हलक्या घरगुती गाडीत १५-२० मिमीपर्यंत, त्या गाडीसाठी बनवलेली स्प्रिंग, तिला जुळणारा आखूड शॉकअप, तिच्याच मापाचा बंप स्टॉप, आणि लगेच अलाइनमेंट. स्प्रिंग अशी, जिचे वेढे वर दाट आणि खाली विरळ असतात. हलक्या वजनाला मऊ, भार आला की दाट वेढे एकमेकांवर बसतात आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. यात आराम आणि भार दोन्ही बऱ्यापैकी राहतात. पूर्ण संच घेतला तर खर्च लाखाच्या आसपास जातो. मागे सीएनजीची टाकी असेल तर मागची बाजू हलवूच नका. कंपनीकडून सीएनजीसह येणाऱ्या गाडीत मागच्या स्प्रिंगचा हिशेब टाकी धरून केलेला असतो, बाहेरून बसवलेल्या गाडीत कुणी केलेला नसतो. स्प्रिंगच्या वेढ्यात रबराचे बफर अडकवतात तो त्याचाच उपाय, तोही अर्धवट.

भाच्याची गाडी आहे तशीच आहे. पोरगं अजून माझ्यावर फुगून आहे. आक्का मात्र खूश.

आता कायदा, म्हणजे या पोस्टचा खरा मुद्दा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात न कळवलेला बदल हे आयतं कारण असतं, ते वेगळं.

कागदावर कडक. प्रत्यक्षात? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. या १५ वर्षांत तिच्याखाली वाकून बघणारं सरकारी माणूस नाही. पीयूसी होते, ती धुराची. मग नाक्यावर कान आणि डोळे यांनी जे पकडता येतं ते पकडतात: सायलेन्सर, काचा, नंबरप्लेट. कापलेली स्प्रिंग सावलीत असते. चमकदार डब्यातली चांगली स्प्रिंग घालणारा आणि ग्राइंडरवाला, दोघे कायद्याच्या नजरेत सारखेच. म्हणून पोरगं साहजिकच स्वस्तातल्याकडे जातं. मीही त्याच्या वयाचा असतो तर गेलो असतो.

जर्मनीत यावर काय करतात ते सांगतो, कारण गाडी लो करायची हौस तिथे आपल्यापेक्षा कैक पट आहे. तिथे स्प्रिंगच्या खोक्यात तपासणी संस्थेचा अहवाल येतो. कुठल्या मॉडेलला चालेल, कुठल्या मापाच्या चाकांबरोबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक्सलवर जास्तीत जास्त किती वजनापर्यंत, हे त्यात लिहिलेलं असतं. बसवल्यावर गाडी ट्यूफसारख्या संस्थेकडे न्यायची. तिथला माणूस खाली वाकून बघतो, स्प्रिंगवरचा क्रमांक जुळवतो, चाक घासतं का बघतो, आणि मग बदल कागदपत्रात चढतो. नंतर साधारण दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी होतेच. हौस करा, पण पाच माणसांचं वजन लिहून द्या, असा साधा व्यवहार.

आपल्याकडे अशी स्प्रिंग तपासून नोंदवून घ्यायची खिडकी साध्या गाडीवाल्याच्या वाटेत कुठेच येत नाही. एका टोकाला बंदी, दुसऱ्या टोकाला ग्राइंडर. मधे टेप घेऊन उभा राहणारा माणूसच नाही. आरसीवर आसनक्षमता ५ लिहिलेली असते, तो आकडा स्प्रिंग कापल्यावरही ५ च राहतो. स्वयंचलित तपासणी केंद्रांची इतकी चर्चा चालू आहे, तर सुटे भाग मंजूर करून नोंदवून घेण्याची सोय तिथेच का नको? आमदार-खासदारांच्या पानांवर हा प्रश्न विचारा. सायलेन्सरवर बुलडोझर फिरवतानाचा व्हिडिओ सगळेच टाकतात.

आणि रस्ता. आपल्या बहुतेक हॅचबॅक जमिनीपासून १६० ते १७० मिमी उंच असतात, त्याही रिकाम्या असताना. ही उंची आपल्या रस्त्यांनी ठरवली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने (नावात काँग्रेस आहे, पक्षाशी संबंध नाही, कमेंटमध्ये भांडू नका) स्पीडब्रेकरचं माप केव्हाच दिलं आहे. साध्या रस्त्यावर रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंमी, वरून १७ मीटर त्रिज्येची गोलाई, ताशी २५ च्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. आता गंमत बघा. हॅचबॅकच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २.४५ मीटर अंतर असतं. एवढ्या रुंद टेकाडावर चारही चाकं एकाच वेळी चढतात, त्यामुळे गाडीच्या पोटाखाली टेकाड वर येतं फक्त साडेचार सेंमी. ४० मिमी खाली केलेली गाडीसुद्धा त्यावरून न घासता जाईल.

आमच्याकडच्या शाळेसमोरचा मी टेप लावून मोजला. रुंदी ८० सेंमी, उंची १४. पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात, आणि पूर्ण १४ सेंमी पोटाखाली. कंपनीच्या उंचीची गाडी रिकामी कशीबशी जाते, भरली की चेंबर घासतो. म्हणून आपण गाडी तिरकी घालतो, आणि "दोघं उतरा रे" म्हणतो. स्वतःच्या गाडीतून म्हाताऱ्या माणसाला उतरवून टेकाड ओलांडायचं आणि परत बसवायचं, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की कुणाला वेगळं वाटत नाही. मागच्या सीटवर पेशंट असेल तर तेही करता येत नाही.

स्पीडब्रेकर काढा असं मी म्हणत नाही. शाळेसमोर तो हवाच, पोरं धावत बाहेर येतात. मापाचा करा, आधी पाटी लावा, वर पांढरे पट्टे मारा, एवढंच. डांबर थोडं जास्त लागेल, ठेकेदाराला रोलर नीट फिरवावा लागेल.

मोजमाप, फोटो आणि मापाचा नकाशा जोडून अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे. तुमच्या वाटेवर असा स्पीडब्रेकर असेल तर टेप लावताना एक फूटपट्टी उभी ठेवून फोटो काढा, उंची स्पष्ट दिसते, आणि खाली टाका. सगळे एकत्र करून दुसरा अर्ज करतो. उत्तर आलं की इथेच टाकेन.